सक्तीचे भूसंपादन : सरकारचा अधिकार, शेतकऱ्याचा हक्क

विखरण (ता. शिंदखेडा, जि. धुळे) : वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित. वाजवी मोबदल्यासाठी सरकारी कार्यालयांत खेटे. २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला मृत्यू.

मालमत्तेचा हक्क : ४४व्या घटनादुरुस्तीने (१९७८) मूलभूत हक्कांतून वगळला. तरीही अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराविना मालमत्ता काढून घेता येत नाही.

कायदा : १८९४चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द, २०१३चा नवा कायदा १ जानेवारी २०१४पासून लागू.

संमती : खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची. कळीचा फरक असा, की निव्वळ सरकारी प्रकल्पाला ही अट नाही.

दिलासा रक्कम : मोबदल्याच्या १०० टक्के.