गेटवे कुठे टांगायचा

सकाळी ६ वाजता चिखलीहून निघायचं. पहिली पाळी सातला सुरू होते आणि शेडमध्ये गर्दी व्हायच्या आत मला एक फेरी मारायची असते. मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी, आळंदी फाटा. महामार्गावर या वेळी कंपन्यांच्या बसेसची रांग असते. चाकणला तळेगाव चौकात डावीकडे वळलं की म्हाळुंगे. आजचा कारखाना फोर्जिंगचा: हॅमर, प्रेस, दोन भट्ट्या, वर ईओटी क्रेन आणि मागे कूलिंग टॉवर.

७.१०. गेटपास, रजिस्टरात लॅपटॉपचा नंबर, सेफ्टी शूज, हेल्मेट, इअरप्लग. मग आत.

इथे चाळीसेक सेन्सर बसवलेले आहेत. प्रेसचं बेअरिंग, भट्टी, कॉम्प्रेसर, क्रेनचा गिअरबॉक्स अशा जागी चिकटवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या डब्या. आम्ही त्यांना नोड म्हणतो. प्रत्येक नोड आपलं तापमान किंवा कंपनं पाठवतो, शिवाय शेजाऱ्याचा निरोपही पुढे सरकवतो. असा हातोहात सगळा माल गेटवेपाशी येतो आणि तिथून केबलने सर्व्हरकडे जातो. याला मेश म्हणायचं. खणाखणी नाही, केबल ट्रे नाही, मशीन हलवलं तर नोडही सोबत हलतो. सोय मोठी आहे. मात्र सगळ्या वाटा एका गेटवेपाशी येऊन मिळत असल्यामुळे तो कुठे आहे यावर बाकी सगळं ठरतं.

इथली तक्रार अशी: दुपारनंतर काही नोड गायब होतात, आणि काहींच्या बॅटऱ्या वेळेआधीच संपतात.

७.४५. गेटवे मेंटेनन्सच्या केबिनमध्ये आहे, शेडच्या अगदी एका कोपऱ्यात. तिथे का, ते विचारावं लागत नाही. तिथे सॉकेट आहे, लॅनचा पॉइंट आहे, एसी आहे, कुलूप आहे. या पट्ट्यात मी जिथे जाते तिथे बहुतेक गेटवे असेच सॉकेट बघून बसवलेले असतात. गेटवे सुरक्षित राहतो, पण त्याला ऐकू काय येतं? केबिनच्या एका बाजूला पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाटं. वर त्याच भिंतीवर वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, तोही २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा. आमच्या नोडना त्या पट्ट्यात १५ चॅनल आहेत आणि ते चॅनल बदलत बोलतात, त्यामुळे निभावून जातं. पण कानाशी कुणी सतत मोठ्याने बोलत असेल तर लांबचा हलका आवाज हरवणारच.

८.३०. लॅपटॉपवर मेशचा नकाशा उघडला. गेटवेला थेट ऐकू येणारे नोड फक्त चार. बाकीचे छत्तीस त्या चौघांमार्फत. हिशेब सोपा आहे. प्रत्येकाने एक निरोप पाठवला तर त्या चौघांपैकी प्रत्येकाला सरासरी दहा निरोप पाठवावे लागतात, एक स्वतःचा आणि नऊ दुसऱ्यांचे. गेटवे अशा जागी नेला की दहा नोड थेट ऐकू येतील, तर तोच भार प्रत्येकी चारवर येतो. तळेगाव चौकात जे रोज संध्याकाळी होतं तेच हे आहे. आतले रस्ते कितीही मोकळे असोत, सगळ्यांना त्याच तोंडातून बाहेर पडायचं असेल तर कोंडी तिथेच होते. फरक इतकाच की इथे कोंडीत बॅटरी जळते.

आणि त्या चौघांपैकी एक नोड क्रेनच्या गर्डरवर आहे. त्याची बॅटरी बदलायची म्हणजे क्रेन थांबवा, उंचीवरच्या कामाचं परमिट काढा, हार्नेस घाला, खाली एक माणूस उभा करा आणि मग वर चढा. कोपऱ्यातल्या सॉकेटपायी एका माणसाला पुन्हा पुन्हा त्या गर्डरवर चढावं लागतं. गेटवेच्या जागेवर मी एवढी का अडून बसते, असं मला विचारलं जातं तेव्हा मी हेच सांगते.

लांब साखळीचा दुसरा तोटाही आहे. एका टप्प्यावर शंभरातले ९५ निरोप पोहोचत असतील, तर दोन टप्प्यांनंतर ९० उरतात आणि चार टप्प्यांनंतर ८१. नोड पुन्हा पाठवतात म्हणून डेटा अखेरीस पोहोचतो, पण उशिरा, आणि प्रत्येक फेरप्रयत्न बॅटरी खातो.

१०.००. आता प्रत्यक्ष मोजणी. औद्योगिक मेशसाठी वायरलेसहार्ट नावाचं मानक आहे. २००७ मध्ये आलं आणि २०१० मध्ये आयईसी ६२५९१ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं. त्याच्या जाळ्यांची आखणी करणाऱ्यांनी काही ठोकताळे घालून दिलेत: गेटवेच्या टप्प्यात किमान पाच नोड, मोठ्या जाळ्यात एक चतुर्थांश नोड थेट, प्रत्येक नोडला किमान तीन शेजारी. लोखंडाने गच्च भरलेल्या शेडमध्ये टप्पा ३० मीटरच धरायचा. मोकळ्या मैदानात तोच २३० मीटरपर्यंत जातो. इथे डोळे मिटून ३० धरावा.

बरोबरचा मुलगा सी-५ खांबाशी काठीवर अँटेना धरून उभा होता. "ताई, मायनस ८४." म्हणजे कमकुवत. मी म्हटलं, जरा डावीकडे घे. त्याने चार बोटं सरकवली. "मायनस ७१!" त्याला वाटलं मीटर बिघडला. मीटर ठीक होता. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. लोखंडावर आपटून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना भर घालतात, काही ठिकाणी खोडून काढतात, आणि या दोन ठिकाणांमध्ये सहा सेंटिमीटरचंही अंतर नसतं. म्हणून एका जागी एकच आकडा घेऊन निघून जायचं नाही. अँटेना गोल फिरवायची, वर-खाली करायची आणि सरासरी लिहायची. खांबापासून किमान मीटरभर लांब, जमिनीपासून साडेचार ते साडेसात मीटर उंच. पत्र्याच्या वर, छतावर मात्र नाही. तिथून आतलं काहीच ऐकू येत नाही.

१२.३०. कँटीन. चपाती, मटकीची उसळ, ताक. शेजारी क्रेन चालवणारे काका बसले होते. त्यांना नकाशा दाखवला, दुपारी गायब होणाऱ्या नोडवर बोट ठेवलं. ते लगेच म्हणाले, "मॅडम, तुम्ही सकाळी बघताय म्हणून तो पट्टा रिकामा दिसतोय. सेकंड शिफ्टला तिथे डायच्या रॅक लावतात, त्यावर मालाच्या बिनी चढतात. माणसापेक्षा उंच भिंत होते." ड्रॉइंगमध्ये ती भिंत नाही, लेआउटच्या फाइलमध्ये नाही. काकांनी वरून रोज पाहिलेली.

१.३०. केबिनमध्ये बसून हिशेब. गेटवे टांगता येतील अशा बारा जागा निघाल्या. दोन गेटवे लावायचे तर जोड्या ६६. संगणक क्षणात सगळ्या तपासतो. तीस जागांतून चार निवडायच्या तर पर्याय २७,४०५. शंभरातून दहा म्हटलं की १७ लाख कोटींच्या पुढे. शहरभर खांबांवर टांगलेल्या उपकरणांची अडचण हीच असते. हा प्रश्न टेलिफोनच्या काळापासूनचा आहे. एस. एल. हकिमी यांनी १९६४ मध्ये टेलिफोनचं स्विचिंग सेंटर कुठे ठेवावं याचा अभ्यास केला आणि दाखवलं की एकूण अंतर कमीत कमी करायचं असेल तर जाळ्याच्या गाठींवर शोधलं तरी पुरतं, मधल्या दोऱ्यांवर भटकायची गरज नाही. पुढे १९७८ मध्ये नेमहाउझर, वोल्सी आणि फिशर यांनी जे सिद्ध केलं ते माझ्या रोजच्या कामाचं आहे. जास्तीत जास्त नोड टप्प्यात आणायचे असतील तर दर वेळी सर्वांत जास्त नवे नोड पकडणारी जागा निवडत जा. सर्वोत्तम उत्तराच्या निदान ६३ टक्के तरी हाती लागतंच. व्यवहारात बहुतेक वेळा त्याहून बरंच जास्त मिळतं.

पण हे गणित माझ्या आकड्यांवर उभं आहे, आणि आकडे सकाळचे.

३.३०. भोंगा झाला. पाळी बदलली. फोर्कलिफ्ट आल्या, रॅक लागल्या, बिनी चढल्या. तासाभरात काकांनी सांगितलेली भिंत उभी. पुन्हा त्याच बारा जागी मोजणी. सकाळी पहिल्या क्रमांकावर असलेली सी-५ ची जागा सातवर घसरली. भिंतीच्या पलीकडची, भट्टी आणि प्रेसच्या मधल्या मार्गिकेवरची ई-४ ही जागा सकाळी तिसरी होती, ती आताही तिसरीच. थेट ऐकू येणारे नोड सकाळी तेरा, दुपारी अकरा. मला अशीच जागा हवी असते: कोणत्याही पाळीत पहिली नसली तरी चालेल, एकाही पाळीत पडू नये. सर्व्हेसाठी लोक सुट्टीचा गुरुवार सुचवतात, शांतता असते म्हणून. रिकाम्या शेडमधले आकडे सुंदर येतात, पण ते ज्या शेडचे असतात ती आठवड्यातले सहा दिवस अस्तित्वातच नसते.

५.००. मेंटेनन्सच्या साहेबांसोबत बैठक. त्यांची शंका रास्त होती: ई-४ ला वीज कुठून आणणार? लॅनच्या केबलमधूनच वीज देता येते, फक्त स्विचपासून केबल १०० मीटरच्या आत हवी. आम्ही वळणं धरून टेपने मोजली, ७२ भरली. स्विच यूपीएसवर घ्यायचा, कारण वीज गेली की चाळीसही नोड एकदम मुके होतात. भट्टीची धग टाळायला ब्रॅकेट मार्गिकेच्या दुसऱ्या बाजूला. केबिनमधला जुना गेटवे काढायचा नाही. तो कॉम्प्रेसर आणि कूलिंग टॉवरच्या बाजूला द्यायचा, म्हणजे एक बंद पडला तरी निम्मी मेश दुसऱ्याकडे वळेल.

"खर्च वाढतोय," साहेब म्हणाले. मी त्यांच्यासमोर गर्डरवरच्या नोडचा बॅटरीचा आलेख ठेवला आणि त्याखाली आतापर्यंत काढलेली परमिटं. त्यांनी दोन्ही शांतपणे वाचलं आणि सही केली.

६.१५. निघायच्या आधी फळ्यावर लिहून ठेवलं: ब्रॅकेट आणि केबल गुरुवारी, क्रेन बंद असताना. तपासणी शुक्रवारी सेकंड शिफ्टला, रॅक पूर्ण लागल्यावर, क्रेनच्या काकांना बरोबर घेऊन.