कळ गेली, काच आली

लॅपटॉपच्या कळफलकावरील सर्वांत वरची ओळ, म्हणजे एस्केप आणि एफ-१ ते एफ-१२ या कळा, फारशा कुणी वापरत नाही, असे लॅपटॉप बनवणाऱ्यांना अधूनमधून वाटत आले आहे. त्या काढून टाकून तिथे स्पर्शाने चालणारी पट्टी बसवण्याचा प्रयोग २०१४ पासून लेनोवो, अ‍ॅपल आणि डेल या तीन कंपन्यांनी आळीपाळीने केला. तिघींनाही माघार घ्यावी लागली. पहिलीचे हात पोळलेले दिसत असताना दुसरीने आणि तिसरीने तेच करावे, हे नवलच.

ही ओळ खरोखर किती रिकामी असते, ते पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातच पाहता येते. तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. पण आज सर्वाधिक वर्दळ हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या शिवारात, एमआयडीसीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये असते. तिथल्या संगणक-अभियंत्याचा दिवस याच ओळीवर जातो. व्हिज्युअल स्टुडिओसारख्या साधनात प्रोग्राममधली चूक शोधताना एफ-९ ने थांबा लावायचा, एफ-५ ने प्रोग्राम चालवायचा, एफ-१० ने एक ओळ पुढे जायचे आणि एफ-११ ने फंक्शनच्या आत शिरायचे, हे शेकडो वेळा करावे लागते. ‘विम’ या १९९१ पासून चालत आलेल्या संपादकात तर मजकूर लिहिणे आणि आज्ञा देणे या दोन अवस्थांमध्ये ये-जा करायची ती मुख्यतः एस्केपनेच. तिकडे पिरंगुटच्या कारखान्यात किंवा पौडच्या दुकानात टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यालाही ही ओळ तितकीच लागते. एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ विक्री आणि एफ-९ खरेदी. बिलांचा गठ्ठा समोर, नजर आकड्यांवर, आणि बोटे आपापल्या जागी. अशा माणसाला कळफलकाकडे पाहायला सवडच नसते.

कळ आणि स्पर्शपट्टी यांच्यातला फरक इथेच आहे. लॅपटॉपच्या कळेखाली कात्रीसारखी जोडलेली प्लास्टिकची दोन छोटी पाती असतात आणि त्यांच्या मधोमध रबराची घुमटी. बोट नुसते टेकवले तर काहीच होत नाही. दाब वाढला की घुमटी एकदम बसते, कळ मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली जाते आणि खाली सर्किट जोडले जाते. घुमटी बसल्याचा तो हलका झटका बोटाला कळतो; काम झाले हे पडद्याकडे न पाहता समजते. कळेच्या कडा आणि दोन कळांमधली फट बोटाला जागा सांगतात. मुद्दाम दाबल्याशिवाय ती चालत नाही, म्हणून बोट तिच्यावर निवांत विसावू शकते.

स्पर्शपट्टीत यातले काहीच नसते. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची अतिशय पातळ जाळी पसरलेली असते. माणसाचे शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या जागेची विद्युतधारिता बदलते आणि चिप तो बदल मोजते. दाबाचा इथे संबंध नाही. टेकले की चालले. त्यामुळे बोट ठेवून जागा चाचपण्याची सोयच उरत नाही, कारण चाचपणे हीच आज्ञा ठरते. पाणीही वीजवाहक असल्याने ओल्या किंवा घामेजलेल्या बोटाने पट्टी गोंधळते, आणि बोटावर जाड पट्टी बांधलेली असेल तर तिला बोट जाणवतच नाही. ताम्हिणी घाटाचा पाऊस ज्या तालुक्यात आहे, तिथे पावसाळ्यात ही काही किरकोळ अडचण नव्हे.

लेनोवोने २०१४ च्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनमध्ये वरची ओळ काढून चित्रे बदलणारी स्पर्शपट्टी बसवली. चालू असलेल्या कामानुसार पट्टीवरची चिन्हे बदलत. कल्पना चतुर होती. पण जी जागा सतत रूप बदलते ती बोटांना पाठ कशी होणार? २०१५ च्या आवृत्तीत कळा परत आल्या. थिंकपॅडच्याच दुसऱ्या बदलाचीही हीच गत झाली. कर्सर हलवणाऱ्या, कळफलकाच्या मधल्या लाल बिंदूसाठी असलेली तीन स्वतंत्र बटणे २०१३ च्या सुमारास टचपॅडमध्ये विलीन केली गेली आणि २०१५ च्या मॉडेलांमध्ये ती पुन्हा वेगळी झाली.

अ‍ॅपलचा प्रयोग जास्त गाजला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅकबुक प्रोवर ‘टच बार’ आला आणि एस्केपची कळ जाऊन तिचे चित्र पट्टीच्या डाव्या टोकाला उरले. उजव्या टोकाला, खोडण्याच्या कळेच्या अगदी वर, सिरी या आवाजी सहायकाला हाक मारण्याची जागा होती. अक्षर खोडायला गेलेले बोट जरा वर सरकले की सिरी हजर. टच बारमध्ये गुण नव्हते असे नाही. आवाज कमी-जास्त करणे किंवा चित्रफितीत मागेपुढे जाणे बोट सरकवून छान होई. पण ही कामे नजर मोकळी असताना करायची असतात. टंकलेखनाच्या ओघात ती येत नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सोळा इंची मॅकबुकवर एस्केपची खरी कळ परतली, ऑक्टोबर २०२१ च्या नव्या मॉडेलांतून पट्टीच गेली आणि टच बार असलेले शेवटचे मॉडेल २०२३ मध्ये बंद झाले. दरम्यान, २०२२ मध्ये, डेलने एक्सपीएस १३ प्लसवर तीच वाट धरली. २०२६ च्या आरंभी जाहीर झालेल्या एक्सपीएसमध्ये मात्र वरची ओळ पुन्हा खऱ्या कळांची झाली.

कंपन्यांचा मोह समजण्यासारखा आहे. हलणारे भाग कमी झाले की धूळ अडकत नाही आणि यंत्र पातळ होते. दुकानात ठेवलेला लॅपटॉप नव्या युगाचा दिसतो, हे कारण बहुधा सर्वांत वजनदार असावे. पाच मिनिटांच्या पाहणीत पट्टी लोभस वाटते. तिचा जाच कळायला आठ-दहा तासांचे काम लागते.

न पाहता टंकलेखन करण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो आणि त्यासाठीची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पहिला धडा मधल्या ओळीचा असतो. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे बोटांना घर दाखवतात. इन्स्क्रिप्ट मांडणीत त्याच दोन कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. वरच्या ओळीलाही याच उंचवट्यांपासून अंतर मोजून बोट पोहोचते. गुळगुळीत काचेवर ते मोजमाप निरुपयोगी ठरते.

अंध वापरकर्त्यांसाठी तर हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत प्रणालीत एनव्हीडीए कळेसोबत एफ-१२ दाबले की वेळ ऐकू येते आणि एफ-७ दाबले की पानावरील दुव्यांची यादी उघडते. टच बारवर अंध व्यक्तीला आधी बोट फिरवून नावे ऐकावी लागत आणि मग आज्ञा द्यावी लागे. एका दाबाचे काम दोन पायऱ्यांचे होई. आपल्या मतदान यंत्राने ही चूक केलेली नाही. प्रत्येक उमेदवारासमोर दाबले जाणारे निळे बटण, शेजारी ब्रेलमधला आकडा, मत नोंदले की लाल दिवा आणि बीप. जुनाट दिसणारे हे यंत्र या बाबतीत महागड्या लॅपटॉपपेक्षा शहाणे आहे.

लॅपटॉपवर चुकीची आज्ञा गेली तर फार तर चिडचिड होते; इतरत्र ती जिवावर बेतू शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकी युद्धनौका तेलवाहू जहाजावर आदळून १० नौसैनिक मरण पावले. प्रशिक्षणातल्या त्रुटींबरोबरच सुकाणू आणि वेग सांभाळणाऱ्या टचस्क्रीनची रचनाही चौकशीत पुढे आली आणि २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने अशा विनाशिकांवर वेगासाठी पुन्हा यांत्रिक दांडे बसवण्याचे ठरवले. मोटारींचेही तसेच. स्वीडनच्या ‘व्ही बिलॅगरे’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत ठरावीक कामे करायला किती वेळ लागतो ते मोजले. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोत १० सेकंद लागले, तर सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत जवळपास ४५. तेवढ्यात ती सव्वा किलोमीटरहून अधिक पुढे गेली होती. युरो एनकॅप या सुरक्षाचाचणी संस्थेने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, वायपर, हॉर्न अशा कामांना खरी बटणे असली तरच पूर्ण गुण द्यायचे ठरवले आहे.

ज्यांच्याकडे पट्टीचा लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी काही उपाय आहेत. मॅकवर कॅप्स लॉकच्या कळेला सेटिंगमधून एस्केपचे काम देता येते. विममध्ये कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस एकत्र दाबला की एस्केपचेच काम होते. टच बारवर एफ-कळा कायम दिसत राहतील अशी निवडही करता येते. जागा निदान बदलत तरी नाही. टेबलावर काम करणाऱ्यासाठी सर्वांत सोपे म्हणजे हजाराच्या आत मिळणारा यूएसबी कळफलक. नवा लॅपटॉप घेताना मात्र दुकानातच डोळे मिटून एस्केप, डिलीट आणि आवाजाची कळ सापडते का, ते पाहून घ्यावे.