पत्र घेतलं आणि चुलीत घातलं

गुरुवारची दुपार. केंद्राला कुलूप लावायच्या बेतात होते, तेवढ्यात दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. कडेवर मूल, मुठीत एसटीचं चुरगळलेलं तिकीट. म्हणाली, "ताई, माझं पत्र वाचलंत का?"

कसलं पत्र? मला काही आठवेना. "मेल केला होता, भावाच्या मोबाइलवरून. बारा दिवस झाले." मी आत जाऊन संगणक उघडला, खालवर शोधलं. काही नाही. तिने मोबाइल पुढे केला. पत्ता आमचाच, एक अक्षरही चुकलेलं नाही. पाठवलेल्या पत्रांत तारीखवार दिसत होतं. दोन ओळी आणि एका कागदाचा फोटो. 'रविवारी घरात बैठक आहे, कोणीतरी या.'

तो रविवार होऊन गेला होता. बैठकीत तिच्याकडून दागिन्यांबद्दलच्या एका कागदावर सही घेतली होती. "तुम्ही याल म्हणून मी दुपारपर्यंत सही अडवून धरली," एवढंच ती म्हणाली. मैत्रिणींनो, मला तोंड वर करून तिच्याकडे बघवेना.

आता हे झालं कसं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका देणगीदाराने सुचवलं की संस्थेच्या नावाचा मेल असावा. माझ्या भाच्याने महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेऊन दिला. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असलेला संगणक, आपलं टपाल ऑफिसच म्हणा. त्यावर त्याने पत्रांची ने-आण करणारं पोस्टफिक्स बसवलं आणि कचरा वेचायला स्पॅमअसॅसिन. दोन्ही फुकट मिळतात. पुढे भाचा नोकरीला पुण्याला गेला, आणि इकडे लॉटरी लागल्याची, औषधांची, कर्जाची पत्रं धो धो यायला लागली. मी वैतागून त्याला फोन केला, "हे सगळं बंद कर बाबा." तो म्हणाला, "मावशी, फार कडक केलं तर चांगलं पत्रही जाईल हं." मी म्हटलं, "जाऊ दे रे, कोण कशाला लिहितंय आम्हाला!"

हे माझे शब्द. विसरता येत नाहीत.

आमच्या बचत गटाच्या खजिनदारबाईंची मुलगी बीसीएला आहे. ती संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आली. सर्व्हर रोजनामा लिहीत असतो, त्याला लॉग म्हणतात. कोण आलं, किती वाजता, त्याचं काय केलं, सगळं त्यात असतं. पाच मिनिटांत तिला ती ओळ सापडली. "काकू, हे बघा. पत्र आलं होतं. आपल्या सर्व्हरने दोनशे पन्नास म्हटलं."

दोन सर्व्हर एकमेकांशी आकड्यांत बोलतात. २५० म्हणजे 'मिळालं, आता जबाबदारी माझी'. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळाने ये'. पाचशेच्या घरातला म्हणजे 'घेत नाही, परत जा'. ही बोली १९८२ सालची आहे, आणि मुळात अजून तीच चालू आहे. आमच्या सर्व्हरने २५० म्हटलं, आणि पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, गुण ३.४, टाकून दिलं.

स्पॅमअसॅसिन प्रत्येक पत्राला गुण देतं, पण शाळेच्या उलट. इथे जास्त गुण म्हणजे नापास. मूळची रेघ ५ गुणांची असते. माझ्या हट्टापायी ती ३ वर आणली होती आणि वरचं सगळं थेट नष्ट. तिच्या पत्राला विषय नव्हता, त्याचे गुण पडले. भावाच्या पत्त्याच्या शेवटी आकडे होते, त्याचे थोडे. मजकूर जेमतेम आणि फोटो मोठा, त्याचेही. घाबरलेली बाई घाईघाईत जसं लिहील, तसंच पत्र होतं ते.

मला राहून राहून वाटत होतं, पत्र घेतलं नसतं तरी चाललं असतं. 'घेत नाही' म्हटलं असतं तर भावाच्या मोबाइलवर 'पत्र पोचलं नाही' असं उत्तर गेलं असतं, तिने फोन केला असता, नाहीतर दुसरं दार ठोठावलं असतं. आम्ही सही करून पत्र घेतलं आणि चुलीत घातलं. वर ती वाट बघत बसली.

मी म्हटलं, "मग आधी घेऊ, तपासू आणि कचरा असेल तर परत पाठवू." पोरगी हसली. "नाही काकू, कचरा पाठवणारे दुसऱ्याचाच पत्ता घालतात. आपण परत पाठवलेलं त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर पडतं." म्हणजे नकार द्यायचा तर दारातच, बोलणं चालू असतानाच. मग आम्ही ठरवलं ते असं. रेघ पुन्हा ५ वर. ५ ते १० गुणांची पत्रं वेगळ्या कप्प्यात, ती रोज सकाळी माणसाने चाळायची. १० च्या वरच्यांना दारातच नकार. एकदा घेतलेलं पत्र नष्ट करायचं नाही. ही व्यवस्था बसवायला तिला दोन संध्याकाळी लागल्या, मधे एकदा सगळंच टपाल तासभर अडकलं, पण ते राहू दे.

एवढ्यावर भागलं म्हणाल, तर नाही. मी त्या बाईला लगेच उत्तर पाठवलं होतं, तेही तिच्या भावाच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं! भाच्याने मधे सर्व्हर बदलला होता. पण आमच्या नावाने टपाल कोणत्या सर्व्हरने पाठवायचं याची जी जाहीर नोंद असते, एसपीएफ म्हणतात तिला, तिच्यात जुनाच नंबर होता. म्हणजे घर बदललं आणि रेशन कार्डावर पत्ता जुनाच. शिवाय पाकिटाला सीलही नव्हतं. डीकेआयएम म्हणजे सर्व्हरने प्रत्येक पत्रावर मारलेली मोहोर, ती खरी की खोटी हे समोरचा ताडून बघतो. आणि यांतलं काहीच जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं, हे आपणच जगाला सांगून ठेवायचं, ती डीमार्कची नोंद. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी बंधनकारक केलं आहे, आणि दिवसाला ५००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही. आमची जातात दिवसाला दहा-बारा. पण पोरगी म्हणाली, तिन्ही करूनच टाकू.

मोहोरेने मात्र रडवलं. तिची किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांची माळ. नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, म्हणून ती तोडून दोन तुकड्यांत लिहावी लागते. तोडताना एक अक्षर गळलं आणि प्रत्येक पत्रावर 'मोहोर खोटी' असा शेरा यायला लागला. दोघींनी मिळून बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, लग्नाची पत्रिका तपासतात तसं. मग माझ्याच घरच्या जीमेलवर पत्र पाठवून 'मूळ मेसेज' उघडून पाहिला. तिन्हीपुढे 'पास'. मी खरंच टाळी वाजवली.

दुसऱ्या एका कार्यालयाला पाठवलेल्या पत्रावर लॉगमध्ये चारशेच्या घरातला आकडा आला, तेव्हा माझ्या पोटात पुन्हा गोळा. ती म्हणाली, "थांबा. अनोळखी सर्व्हरला काहीजण पहिल्यांदा मुद्दाम 'नंतर ये' म्हणतात. कचरावाले सहसा परत येत नाहीत, खरा टपालवाला येतो." पंधरा मिनिटांनी आपोआप गेलं. पोस्टफिक्स असं पाच दिवस प्रयत्न करत राहतं, म्हणे.

तुमचा मेल साधा जीमेलचा असेल तर यातलं काही तुम्हाला करावं लागणार नाही. पण स्पॅमचा कप्पा आठवड्यातून एकदा तरी उघडा हं, तिथलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कुठल्या कार्यालयाला लिहिताना विषयाची ओळ रिकामी ठेवू नका, आणि महत्त्वाचं असेल तर मागून फोन करा.

त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी तालुका विधी सेवा समितीत घेऊन गेले. तिथे बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, पण गावोगावी माहीत नसतं. सही दबावाखाली घेतली असं तिने अर्जात लिहून दिलं आहे. पुढे काय होईल ते आता वकीलबाई बघतील. कागद परत मागवायचा म्हणाल्या, तारीख मेलने कळवते म्हणाल्या.

कप्पा चाळायच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या आहेत. मंगळवार माझा. आज अडतीस पत्रं होती. सदतीस लॉटरी आणि कर्जवाल्यांची, आणि एक शेजारच्या तालुक्यातून, विषय रिकामा. 'कांदा-लसूण मसाला किलोला काय भाव?' भाव कळवला. वकीलबाईंचा मेल अजून आलेला नाही, उद्याची पाळी खजिनदारबाईंची आहे, त्यांना सांगून ठेवलंय.