पद्मिनीची पुढची खडखड

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विक्रम झाला. तिथे जुनी प्रीमियर पद्मिनीही सुरेख धावते. खेड्याच्या रस्त्याला वळलात, की पुढून खडखड सुरू होते. अनेकदा दोष किंगपिनचा असतो. या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं; ग्रीस आटलं, धूळ शिरली, की तिचे बुश झिजतात.

गाडी जॅकवर घ्या, खाली भक्कम स्टँड लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा. उरला तर बहुधा किंगपिनचा.

नवे बुश पिनच्या मापाला रीमरने साफ करावेच लागतात. पिन ठोकून बसवणारा मिस्त्री मला मान्य नाही. जिथे रबरी बुश आहेत, तिथले बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. कॉइल स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो, ती स्प्रिंग-कॉम्प्रेसरशिवाय उघडू नका.

काम दोन्ही बाजूंचं एकदमच करा, लगेच अलाइनमेंट करून घ्या आणि पुढे ग्रीसिंग चुकवू नका.