सहा डिसेंबरची गाडी आणि घाटातले धुके

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की मालवण, कणकवली, कुडाळकडच्या आपल्या बौद्धवाड्यांतून एकच विषय निघतो. यंदा चैत्यभूमीला गाडी कोणाची? माणशी वर्गणी किती? निघायचे किती वाजता? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बैठक संपते. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गाडी चालवणारा किती तास जागा असणार, आणि वाटेत धुके लागले तर काय करायचे? वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही या चौथ्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

आपल्या अभिवादनाच्या मोठ्या तारखा ऐन थंडीत येतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला भेट दिली. म्हणजे चार आठवड्यांच्या आत दादर, महाड आणि भीमा कोरेगाव अशा तीन वाऱ्या येतात. मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, तर भीमा कोरेगाव सुमारे ४०० किलोमीटर.

आपला माणूस हातावर पोट असलेला. दोन दिवसांची मजुरी बुडवणे त्याला परवडत नाही आणि लॉजचे भाडेही परवडत नाही. म्हणून तो दिवसभर काम करून रात्री गाडीत बसतो, सकाळी अभिवादन करतो आणि पुन्हा रात्रीचाच परततो. येताना एकदा आणि जाताना एकदा, असा दोनदा तो पहाटेच्या धुक्यात सापडतो. यात श्रद्धेचा दोष नाही. प्रवासाची आखणी चुकते, आणि आखणी सुधारणे आपल्या हाती आहे.

धुके येते कुठून?

काश्मीर-हिमाचलात थंडी पडली की रस्त्यावर बर्फ साचतो, गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. आपल्या कोकणात बर्फ नाही, पण धुके आहे. समुद्रावरून आणि खाड्यांवरून येणारी हवा दमट असते. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असले आणि वारा पडला की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्या लगतची दमट हवा थंड होऊन त्यातील वाफेचे बारीक थेंब बनतात. तेच धुके. थंड हवा जड असल्यामुळे ती खोलगट भागात उतरते. म्हणून गड नदी, कर्ली नदी यांच्या खोऱ्यांत, पुलांजवळ आणि खाडीकाठी धुके अधिक दाट असते. मोकळ्या माळावर चांदणे दिसते आणि पुढच्याच उतारावर गाडी पांढऱ्या भिंतीत शिरते, ते याच कारणाने.

पहाटे ते सर्वांत दाट असते. सूर्य वर आला, जमीन तापली की विरते. बहुधा आठ-नऊपर्यंत रस्ता मोकळा होतो. थोडक्यात, या शत्रूशी लढावे लागत नाही, थोडा वेळ थांबावे लागते एवढेच.

हिशेब समजून घ्या

एक हजार मीटरपेक्षा कमी अंतरावरचेच दिसत असेल तर हवामान खाते त्याला धुके म्हणते. २०० मीटरच्या आत आले की दाट आणि ५० मीटरच्या आत आले की अतिदाट. घाटात अतिदाट धुके लागले असे समजू.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे ३३ मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असूनही गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण जवळजवळ ७० मीटर, आणि दिसत होते फक्त ५०! तीच गाडी ४० च्या वेगात असेल तर २५ ते ३० मीटरमध्ये थांबते. दवाने रस्ता ओला असला किंवा टायर गुळगुळीत असले तर याहून अधिक जागा लागते. घाटात समोरूनही गाडी येत असते. म्हणून अरुंद रस्त्यावर जेवढे दिसते त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. ‘आपला ड्रायव्हर पंचवीस वर्षांचा अनुभवी आहे’ असे सांगून हा हिशेब बदलत नाही.

चालक हाही कामगार आहे

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब श्रममंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच मांडले. पुढे मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. त्यातही दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. वाडीतल्या भाड्याच्या जीपला असा कायदा कोणी लावीत नसेल, पण माणसाचे शरीर तेच असते.

आता आपण काय करतो ते पाहा. चालक दिवसभर भाडी मारून संध्याकाळी सातला आपल्या दारात येतो. रात्रभर ५०० किलोमीटर चालवतो. दादरला आपण रांगेत उभे राहतो तेव्हा तो गाडीसाठी जागा शोधत फिरतो. त्याच रात्री त्याने परत निघावे अशी आपली अपेक्षा असते. आठ तासांचा दिवस मागणाऱ्या नेत्याला अभिवादन करायला जाताना आपण एका कामगाराला तीस तास जागवतो! रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत झोप सर्वांत अनावर होते, आणि धुकेही त्याच सुमारास दाट होऊ लागते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो.

यावर उपाय आहेत. एक, मुंबईला जायचे तर आगगाडीचा विचार आधी करा. तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडी रोडहून थेट दादरला जाते. आरक्षण दोन महिने आधी सुरू होते, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात वर्गणी गोळा झाली पाहिजे. दोन, गाडीच करायची तर परवानाधारक दोन चालक घ्या. समजा दुसऱ्याला २००० रुपये द्यावे लागले, तरी दहा माणसांत माणशी २०० येतात. तीन, चालकाला निघण्यापूर्वी दुपारची झोप आणि मुक्कामी झोपायला जागा द्या. त्याच्या जेवणाचा खर्च वर्गणीतच धरा. चार, धुके लागले तर पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलजवळ थांबायचे, हे निघतानाच सर्वांसमोर ठरवा. मग ‘लवकर चल’ म्हणून कोणी चालकाच्या मागे लागणार नाही.

गाडी कोणती?

टेम्पोत स्वस्तात जास्त माणसे मावतात, हे खरे. पण मालवाहू गाडीत माणसे नेणे बेकायदा आहे. शिवाय अशा गाडीत नुसते प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. घरचा कर्ता माणूस गेला तर त्याच्या बायकामुलांनी दाद कोणाकडे मागायची? खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली तरी विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली प्रवासी गाडी घ्या. विम्याची आणि परवान्याची मुदत पाहूनच आगाऊ रक्कम द्या. हे पाहणे म्हणजे मालकावर अविश्वास नव्हे.

वाटेवर काय पाळावे?

निघण्याच्या आदल्या दिवशी उजेडी गाडी तपासा. पुढचे-मागचे दिवे, ब्रेक, वायपर, टायर, स्टेपनी आणि जॅक पाहा. बॅटरी, कोरडे सुती फडके, प्रथमोपचाराची पेटी आणि रस्त्यावर ठेवायचा लाल चमकता त्रिकोण सोबत असू द्या. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा यांपैकी एखादा घाट दुरुस्तीसाठी बंद असू शकतो. निघण्यापूर्वी चौकशी करा.

धुक्यात अप्पर लाइट लावू नका. त्याचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर चला. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका, ती खड्ड्यात गेली तर तुम्हीही तिच्यामागे जाल. डावीकडची पांढरी पट्टी धरून चला आणि ओव्हरटेक करूच नका. आतून काच धूसर झाली तर हवा काचेकडे वळवा, नाहीतर खिडकी दोन बोटे उघडा. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे हा आत्मघात आहे. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. खालच्या गिअरमध्येच उतरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. थांबायचे झाले तर वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला थांबू नका. गाडी पूर्णपणे रस्त्याबाहेर घ्या.

घाट चढून राधानगरी, कोल्हापूरकडे गेलात की उसाचा हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर कारखान्याकडे जात असतात. पुष्कळांना मागे दिवाच नसतो. तेथे धुके नसले तरी वेग आवरा.

आपल्या तरुणांना एक विनंती. निळा झेंडा आणि पंचशील ध्वज टपावर डौलाने लावा, पण बॅनरने पुढची काच किंवा दिवे झाकू नका. भीमगीते जरूर लावा, मात्र घाटात आवाज बंद ठेवा. धुक्यात डोळ्यांचे अर्धे काम कान करतात. आणि दारूविषयी वेगळे सांगायला नको. पाचवे शील रोज म्हणतो त्यात मद्य हे प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण म्हणूनच वर्ज्य सांगितले आहे. बेसावधपणा टाळणे हाच धम्मातला अप्रमाद आणि हाच रस्त्यावरचाही नियम.

माताभगिनींसाठीही व्यवस्था हवी. घाटमाथ्यावर कोकणातल्यापेक्षा बरीच जास्त थंडी असते. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना कानटोपी, शाल, स्वेटर हवेच. दर दोन-अडीच तासांनी स्वच्छतागृह असेल अशा ठिकाणी गाडी थांबली पाहिजे. बायका संकोचाने बोलत नाहीत, पाणी पिणे टाळतात. म्हणून थांबे ठरवताना महिला मंडळाला विचारा. त्याच थांब्यावर चालकाचेही पाय मोकळे होतात.

अपघात दिसला तर

अपघात आपला असो वा दुसऱ्याचा, आधी मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक फिरवा. ‘पोलिसांचे लफडे नको’ म्हणून जखमीला सोडून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ या कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

बंधू-भगिनींनो, चैत्यभूमीवर पहाटे पाचला पोचलेला आणि सकाळी अकराला पोचलेला, दोघांचेही अभिवादन सारखेच. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला, विचार करायला सांगितले. तो विचार गाडीच्या चाकापर्यंत पोचला पाहिजे. यंदाच्या बैठकीत वर्गणीच्या वहीतच चार ओळी लिहा. दुसरा चालक कोण, थांबे कोणते, विम्याची मुदत कधीपर्यंत आणि धुके लागल्यास मुक्काम कुठे. खाली मंडळाच्या अध्यक्षांची आणि चालकाची सही घ्या. मगच निघा, आणि गेलात तेवढी सगळी माणसे सुखरूप घरी घेऊन या.

जयभीम!