अक्षर कोणाचे? इंटरनेटवरील नावांचा कारभार आणि शेजारी देशांचा संवाद

पत्रिकेवर आजचा विषय जरा जडच छापला गेलाय, ‘इंटरनेटचा कारभार आणि प्रादेशिक सहकार्य’. त्यामुळे मी एका अक्षरापासून सुरुवात करतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द डोळ्यांसमोर आणा. त्यातला र कसा काढतो आपण? रफार नाही. ह च्या डावीकडे ती आडवी, पापणीसारखी रेघ. हा फरक हौसेचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर प्रवचन होईल, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर जेवण.

आता समजा, उद्या कुणाला इंटरनेटवर ‘डॉट वऱ्हाड’ असे नाव हवे आहे. ते मिळू शकेल का, हे ठरवायचे कुणी? आजचे सगळे व्याख्यान या एवढ्याच प्रश्नावर आहे.

थोडी पार्श्वभूमी. संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या शेवटच्या टिंबानंतरचा शब्द, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत, हा जगभरच्या एका सामायिक यादीत असावा लागतो. तिला रूट झोन म्हणतात, आपण मूळ यादी म्हणू. ती एकच आहे. तिच्या धोरणाची व्यवस्था आयकॅन ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था पाहते. देवनागरीतले ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी ते एकच. (‘डॉट संगठन’ही आले. आपण ‘संघटना’ म्हणतो, पण असो.)

पण नावे एकेक करून देत गेलो तर गोंधळ होणारच. म्हणून २०१३ साली आयकॅनने एक पद्धत मान्य केली. प्रत्येक लिपीसाठी आधी नियम ठरवायचे: कोणती अक्षरे चालतील, कोणत्या क्रमाने चालतील, कोणती दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसतात म्हणून फसवणुकीला वाव देतात. हे नियम आयकॅनच्या कचेरीत बसून कुणी लिहायचे नाहीत. ती लिपी वापरणाऱ्यांनी गट करायचा. त्यात भाषातज्ज्ञ हवेत, संगणकाची माणसे हवीत, नावे विकणाऱ्या संस्था हव्यात, सरकारी माणसे हवीत आणि सामान्य वापरणारेही हवेत. गटाने प्रस्ताव जाहीर करायचा, लोकांकडून हरकती मागवायच्या. मग तो दुसऱ्या, तज्ज्ञांच्या गटाकडे जातो. आणि इथे गंमत बघा: त्या तज्ज्ञांना प्रस्तावातली एक मात्राही बदलता येत नाही. स्वीकारा, नाहीतर कारणे देऊन परत पाठवा. मला हे फार शहाणपणाचे वाटते. ज्ञान एकीकडे, अधिकार दुसरीकडे, आणि दोघांनाही एकमेकांशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्या भागासाठी जो गट झाला त्याचे नाव नव-ब्राह्मी. देवनागरी, बांगला, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ, तेलुगू अशा नऊ लिपी, सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. नऊ लिपींना एकत्र का बसवले? कारण लेकींचे चेहरे एकमेकींसारखे असतात. गुरुमुखीतला ‘स’ आपल्या ‘म’ सारखा दिसतो. दोन्हींतले ट आणि ठ तर जवळजवळ जुळेच. एखाद्या बँकेच्या नावात कुणी देवनागरीऐवजी गुरुमुखीतले अक्षर घुसवले, तर तुमच्या-माझ्या डोळ्यांना कळणार नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे आहेत. पैसे जायचे तिथे जातात. म्हणून नियम असा, की अशा जोडीतले एक नाव दिले की दुसरे कायमचे अडवायचे. आता हा नियम देवनागरीवाल्यांनी एकट्याने केला आणि गुरुमुखीवाल्यांना माहीतच नसला, तर त्याला काय अर्थ? शेजाऱ्याशी बोलणे इथे सौजन्य नाही, गरज आहे. आणि लिपींना राष्ट्रांच्या सीमा कळत नाहीत. देवनागरी म्हटली की नेपाळ आला, बांगला म्हटली की बांगलादेश, तमिळ म्हटली की श्रीलंका आणि सिंगापूर.

आता परत वऱ्हाडाकडे. ही पापणी संगणकात दोन प्रकारे साठवता येते. एक, र ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य चिन्ह टाकायचे, ‘झिरो विड्थ जॉइनर’. दिसत काहीच नाही, फक्त जोडणीचा आकार बदलतो. मूळ यादीत अशा अदृश्य चिन्हांना पूर्ण बंदी आहे. बरोबरच आहे, जे दिसत नाही ते असले काय आणि नसले काय, माणसाला कसे कळणार? पण या बंदीने वऱ्हाड बाहेर राहिले असते. गुऱ्हाळही, आणि आपल्या कितीतरी गावांची नावेही. दुसरा मार्ग होता. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की या मानकात ही पापणी नुक्ता असलेल्या ‘ऱ’ चे अर्धे रूप म्हणून नोंदलेली होती आणि युनिकोडने ती सोय पुढे चालू ठेवली होती. देवनागरीच्या नियमांत हाच मार्ग आला. ‘ऱ’ सुटा घ्यायचा नाही, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ अशा ठरावीक जोडणीतच घ्यायचा.

हिंदीला या पापणीची गरज नाही. देवनागरी वापरणाऱ्यांत हिंदी भाषक सर्वांत जास्त. नुसती डोकी मोजली असती तर काय झाले असते, तुम्हीच विचार करा. गरज कुणाला आहे? आपल्याला, आणि नेपाळी माणसाला. त्यांचे ‘गऱ्यो’, म्हणजे ‘केले’, हे रोजच्या बोलण्यातले क्रियापद पापणीशिवाय लिहिता येत नाही. या एका अक्षरापुरता मराठी माणसाचा सख्खा शेजारी नागपूरच्या उत्तरेला नाही, काठमांडूला आहे.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे इथल्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे खोडण्यासाठी ती वितंडा. अशा गटांत मतदानाऐवजी सहमतीवर भर असतो. आपण ‘सहमती’ म्हटले की मऊ, गोडगोड काहीतरी समजतो. प्रत्यक्षात ती कठोर असते. कारण तिच्याखाली एक दंडक आहे: शंका असेल तर अक्षर बाहेर ठेवा, कारण एकदा आत घेतलेले बाहेर काढता येत नाही. म्हणजे जो बोलायला हजर नाही, त्याचे अक्षर शंकेच्या बाजूला जाते.

आणि सगळे हजर असतात का? गटांनी कोणत्या भाषा धरायच्या यासाठी भाषांच्या जोमाची एक पट्टी वापरली. साधारणपणे वरच्या चार पायऱ्या, म्हणजे राष्ट्रीय पातळीपासून ते शाळेत संस्थेच्या आधाराने शिकवल्या जाणाऱ्या भाषांपर्यंत. व्यवहार म्हणून मला हे समजते. पण ज्या भाषेला शाळा मिळाली नाही तिला आता पत्ताही नाही, हे मला पटत नाही. भिली किंवा कोरकू लिहिणाऱ्याला उद्या वेगळे चिन्ह लागले तर? नियम वाढवता येतात, दार बंद नाही. पण ते ठोठवायला पुन्हा माणूसच लागतो.

मतभेदाचे एक उदाहरण सांगतो. देवनागरीचे नियम जुलै २०१९ मध्ये मूळ यादीच्या नियमांत आले. बांगलाचे आले नोव्हेंबर २०२० मध्ये. अडचणींपैकी एक नुक्त्याची होती. बांगलातल्या ‘ड़’, ‘ढ़’ आणि ‘य़’ या अक्षरांचे युनिकोड दोन तुकडे करते, मूळ अक्षर आणि खालचा नुक्ता. बांगलादेशातून आक्षेप आला, की आमच्या वर्णमालेत ही स्वतंत्र अक्षरे आहेत, नुक्ता नावाची वस्तू आमच्याकडे नाही. तांत्रिकदृष्ट्या तुकडे करणे अटळ होते, कारण नावांच्या मानकाला एकच निश्चित रूप लागते. पण ज्या देशात १९५२ साली भाषेसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या, तिथला हा आक्षेप भावनिक म्हणून झटकणे चूक ठरेल. अक्षर म्हणजे काय, वर्णमालेतली ओळख की यंत्रातली मांडणी, हा खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. नियमांत तुकडे राहिले. नियम त्या जोड्यांपुरताच नुक्ता मानतात, मोकळा फिरू देत नाहीत.

(शेवटी एका श्रोत्याने विचारले: आता सगळे अ‍ॅपवर आणि क्यूआर कोडवर चालते, पत्ता कोण टाइप करतो? मग एवढी मेहनत कशाला?)

प्रश्न रास्त आहे. पण ई-मेलचा पत्ता तर अजून टाइप करता ना? देवनागरी पत्त्यांसाठीची तांत्रिक मानके २०१२ सालीच तयार झाली. मध्यंतरी मी एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात देवनागरी पत्ता भरून पाहिला. उत्तर आले: ‘अवैध’. पत्ता चालू होता, त्यावर पत्रे येत होती. तो अर्ज ज्याने तयार केला त्याच्या डोक्यात पत्ता म्हणजे रोमन अक्षरे, एवढेच होते. मूळ यादीचे काम बरेचसे झाले आहे. हे पुढचे काम अशा हजारो अर्जांमध्ये आहे, आणि त्याला आंतरराष्ट्रीय गट लागत नाही. मी त्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे. रोमन पत्त्यावरून पाठवावे लागले, ते सोडा. उत्तर यायचे आहे.