अर्धेच बाबासाहेब कशासाठी?

मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या संशोधन संस्थांना अलीकडे बाबासाहेब फार आवडू लागले आहेत. त्यांच्या चर्चासत्रांत १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हमखास निघतो. चलन वाढवण्याचा सरकारचा अधिकार बाबासाहेबांना आवळायचा होता, म्हणजे ते आमचेच, असा यांचा हिशेब!

मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढली. दिल्लीत १९९७ पासून सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी आहे. पुस्तिका काढायच्या, व्याख्याने भरवायची, धोरणाची टिपणे मंत्र्यांपर्यंत पोचवायची, ही अशा संस्थांची कामाची रीत. त्यात गैर काही नाही. आपण ते केले नाही, जयंतीच्या वर्गणीत अडकून पडलो, हा आपला दोष.

गैर आहे ते अर्धे वाचणे. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि भार कष्टकऱ्यावर पडतो, ही त्या ग्रंथातली चिंता. तीच चिंता १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आहे. मूलभूत उद्योग, विमा आणि शेती सरकारच्या मालकीची असावी आणि ते राज्यघटनेतच लिहावे, म्हणजे सत्ता बदलली तरी मोडता येणार नाही, अशी बाबासाहेबांची मागणी होती. हा ग्रंथ चर्चासत्रात का निघत नाही?

पुण्यातच २००५ साली दलित उद्योजकांची ‘डिक्की’ उभी राहिली. पण अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी सरकारी खरेदीत ४ टक्के वाटा ठरला तो २०१२ च्या सरकारी आदेशाने. बाजाराने आपणहून दिला नाही.

आता कामगारांचे पाहा. कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्या, हे बंधन १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांवर आले. १९८२ च्या दुरुस्तीने ते १०० वर आणले. ही मर्यादा वाढवा, असा धोशा मुक्त बाजारवाल्यांनी वर्षानुवर्षे लावला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. चाकण-भोसरीत दोन-अडीचशे कामगारांच्या कारखान्यांत आपलीच पोरे आहेत. तिथल्या मालकाला कपातीसाठी सरकारच्या दारात जाण्याचे कारण उरले नाही. नोटीस द्यायची आणि नोकरीच्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मोजायचा. आठ वर्षे राबलेल्या पोराच्या हाती १२० दिवसांचा पगार.